मेलेल्यांच्या वतीनं बोलणारा श्कार्दा

आमच्या गावाला चर्च नाही, म्हणून दफनभूमीही नाही. मेलेलं माणूस पाच किलोमीटरवर बोरोव्याला वाहून न्यावं लागतं. खालच्या तळ्याच्या बांधावरून, कुबातांच्या शेतातून, चढावर दगडी क्रूस आहे तिथपर्यंत एक वाट जाते. त्या क्रुसापाशी शवपेटी खाली ठेवायची. तिथून गाव शेवटचं दिसतं. आणखी दहा पावलं पुढे गेलं की चढ आड येतो आणि मग नुसतं रान.

पेटी खाली ठेवली की एक माणूस तिच्या डोक्याशी उभा राहतो आणि मेलेल्याच्या वतीनं शेजाऱ्यांची माफी मागतो. तो 'हे गेले, ते असे होते' वगैरे बोलत नाही. तो 'मी' म्हणतो. 'मी, अमुक अमुक, तुमच्या पंगतीला बसलो, तुमच्याशी भांडलो, तुमच्या कुंपणाआड हात घातला, मला क्षमा करा.' लोकांनी म्हणायचं, 'देव क्षमा करो.' उत्तर आल्याशिवाय पेटी उचलायची नाही. एकाचं आलं तरी चालतं, पण यायला हवं.

माझ्या आयुष्यातली चाळीसेक वर्षं हे बोलायचं काम वेन्डेलिन श्कार्दानं केलं. त्याच्याआधी त्याच्या बापानं केलं, आणि त्याच्यानंतर मी केलं. मला हे काम मिळालं ते माझ्या आवाजामुळे. सामूहिक शेतीच्या गोठ्यात दीडशे गायींवर ओरडून ओरडून तो तयार झाला होता. पुरुष म्हणाले, बाई कशी बोलणार. मी म्हटलं, मग तुम्ही बोला. तेव्हा सगळे मूग गिळून बसले.

गावाचं नाव व्रानी ल्होता. आमच्या देशात ल्होता नावाची गावं शेकड्यांनी सापडतील आणि सगळ्यांची जन्मकथा एकच. कुणा सरदारानं जंगल तोडायला माणसं आणली, त्यांना काही वर्षं कर माफ केला, आणि माफीची मुदत संपली तरी माणसं तिथेच अडकून पडली. आमच्या वाट्याला आलेलं जंगल सगळ्यांत उंचावरचं आणि सगळ्यांत थंड. राय, म्हणजे आमचं पावाचं धान्य, आणि बटाटे एवढंच इथे धड पिकतं. दर वसंतात बर्फ वितळलं की जमिनीतून नवे दगड वर आलेले असतात. ते वेचून बांधावर टाकायचे आणि पुढच्या वसंतात पुन्हा वेचायचे. आधी स्वीडिश फौजेनं गाव जाळलं. मग एकदा प्लेग आला, तेव्हा बोरोव्याचा पाद्री चढ ओलांडून यायला घाबरला आणि आमच्यातल्याच एका सुतारानं क्रुसापाशी उभं राहून मेलेल्यांसाठी चार शब्द काढले. ही चाल तिथून पडली म्हणतात. खरंखोटं कोण जाणे. अठराशे सहासष्ट साली प्रशियन फौज आली आणि जाताना कॉलरा ठेवून गेली. पहिल्या महायुद्धात बावीस घरांतले अकरा जण गेले. त्यांच्यासाठी कुणाला काही बोलता आलं नाही, कारण पेट्याच आल्या नाहीत.

वेन्डेलिन एकोणीसशे अकरा साली जन्मला. धंदा चाकं बनवायचा. गाडीचं लाकडी चाक, त्याचे आरे, त्याची धाव, यातलं त्याच्याइतकं कळणारं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. अंगानं हडकुळा, हात मोठे, डोळे पाणीदार. त्याची बायको बार्बोरा छातीच्या दुखण्यानं सदा अंथरुणाला खिळलेली. मूल नव्हतं. बोलायला तसा तो घुमा होता. गुत्त्यात एक बिअर घेऊन दोन तास बसायचा आणि तेवढ्या वेळात तीन वाक्यं बोलायचा. पण क्रुसापाशी उभा राहिला की कुठून शब्द यायचे देवाला ठाऊक. गेलेल्या माणसाची चाल, ढब, बोलायची लकब, सगळं त्याच्या तोंडी यायचं. म्हातारा र्‍हेझाच गेला तेव्हा पेटीत झोपून तोच बोलतोय असं वाटलं. 'मॅचेकच्या हंसाचं काय झालं हे मॅचेकला चाळीस वर्षं कळलं नाही,' वेन्डेलिन त्याच्या आवाजात म्हणाला. 'तो चविष्ट होता. मला क्षमा करा.' लोक पेटीभोवती उभं राहून हसले. मॅचेक हसला, मग डोळे पुसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं 'देव क्षमा करो' म्हणाला.

हे त्याला कसं कळायचं, तर माणूस जायला टेकलं की वेन्डेलिनला बोलावणं जायचं. घरच्यांनी बाहेर थांबायचं. तो खाटेशी बसायचा आणि जाणारं माणूस आपल्या मनातलं त्याला सांगायचं. पाद्री पापं ऐकायचा ती देवासाठी. वेन्डेलिन ऐकायचा ती शेजाऱ्यांसाठी. त्या खोलीत काय झालं हे त्यानं क्रुसापर्यंत कुणाला सांगायचं नाही आणि क्रुसापाशी तो जे बोलेल ते मेलेल्याचंच धरायचं. त्यावर कुणी उलट बोलायचं नाही. बोलणार तरी कसं? ज्यानं सांगितलं तो पेटीत.

आता कुबातांच्या घराविषयी सांगायला हवं. फ्लोरियान कुबाता गावातला मोठा शेतकरी. मोठा म्हणजे त्याच्याकडे दोन घोडे होते. एकावन्न साली सरकारनं त्याच्यावर धान्याची लेव्ही एवढी बसवली की ती भरली असती तर बियाण्यालाही राय उरली नसती. त्यानं आठ पोती लपवली. कुठे, तर गावाची घंटा जिथे टांगली आहे त्या झोपडीत, फळ्यांच्या जमिनीखाली. त्या झोपडीत पेटी वाहून न्यायची गावाची तिरडी ठेवलेली असायची, त्यामुळे तिकडे कोणी उगीच फिरकत नसे. झोपडीच्या चाव्या दोन. एक घंटा वाजवणाऱ्या इग्नात्स होलुबकडे, दुसरी तिरडीची डागडुजी करणाऱ्या वेन्डेलिनकडे. दोघांनीही पोती ठेवताना मदत केली होती. ऑक्टोबरात जिल्ह्याची माणसं मोटारीतून आली. घर बघितलं नाही, कोठार बघितलं नाही, सरळ झोपडीपाशी गेली आणि फळ्या उचकटल्या.

फ्लोरियानला आठ वर्षांची सजा झाली. युरेनियमच्या खाणीत सक्तमजुरीवर असताना दुसऱ्याच हिवाळ्यात तो मेला. पेटी आली नाही. त्याची बायको अनेश्का आणि दोन मुलं, त्यांना एका गाडीत बसवून देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. घोडे सामूहिक शेतीत गेले, बांध नांगरले गेले, आणि मढ्यांची वाटही नांगरली गेली. आम्ही तरी तिथूनच जात राहिलो. दर मयताला उभ्या पिकात एक पट्टा तुडवला जायचा आणि ट्रॅक्टरवाला टोपी काढून थांबायचा.

चुगली कुणी केली हे गावानं आपापसांत ठरवून टाकलं. होलुबनं. त्याचं आणि फ्लोरियानचं तळ्याच्या पाटावरून जुनं भांडण होतं, आणि होलुब तोंडाळ माणूस, गुत्त्यात टेबल आपटून बोलायचा. वेन्डेलिनकडेही चावी होती हे सगळ्यांना माहीत होतं. पण वेन्डेलिनचं नाव मनात आणायलाही कुणी तयार नव्हतं. ज्यानं आपल्या आईबापांची माफी मागितली त्याच्याविषयी कुणी असला विचार करतं का? मीही केला नाही.

होलुबच्या तोंडावर कुणी काही म्हणत नसे. नुसतं तो गुत्त्यात आला की लोकांचे ग्लास लवकर संपायचे. बारा वर्षं असं चाललं. त्याची मुलगी तेक्ला एव्हाना चोवीस वर्षांची झाली होती. जंगलखात्याच्या रोपवाटिकेत देवदाराची रोपं लावायला जायची. अंगानं दणकट, बोलायला फटकळ, अगदी बापावर गेलेली. बोरोव्याच्या एका गवंड्याशी तिचं लग्न ठरलं होतं. साठ साली अनेश्का कुबातोव्हाला परत यायची परवानगी मिळाली आणि ती आपल्या बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला लागली. केस पांढरे झाले होते. तिनं आल्यावर कुणाला काही विचारलं नाही.

त्रेसष्टच्या नोव्हेंबरात इग्नात्स होलुब वारला. वेन्डेलिन आदल्या दिवशी त्याच्या खाटेशी तासभर बसून आला होता.

क्रुसापाशी सगळं गाव होतं. अनेश्काही आली होती. वेन्डेलिननं होलुबच्या आवाजात सुरुवात केली. टेबलं आपटल्याबद्दल माफी, घंटा वाजवायला दोनदा झोपून राहिल्याबद्दल माफी. मग तो थांबला. आणि म्हणाला, 'कुबातांच्या घराचं माझ्या जिभेनं वाटोळं झालं असेल, तर मला क्षमा करा.'

कुणी हललं नाही. असेल तर, असं तो म्हणाला होता. पण ते 'असेल तर' कुणाच्या कानात शिरलंच नाही. अनेश्का पुढे आली, पेटीच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, 'देव क्षमा करो.' तेक्ला म्हणाली, 'बाबा असं काही बोलले नव्हते. ते असं बोलूच शकत नाहीत.' ती ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात बोलली. कुणीतरी तिच्या दंडाला धरून बाजूला घेतलं. खांदेकऱ्यांनी पट्टे खांद्यावर घेतले आणि पेटी उचलली गेली.

त्या दिवसापासून गावाचा संशय संपला आणि खात्री सुरू झाली. संशय होता तोवर लोक थोडं अंग चोरून वागायचे. आता खुद्द मेलेल्यानंच कबूल केलं म्हटल्यावर कसली भीड? तेक्लाला वाळीत टाकलं असं कुणी म्हणणार नाही. नुसतं ती दुकानात आली की बोलणं थांबायचं. डुक्कर कापलं की गावभर वाटी फिरते, ती तिच्या घरावरून पुढे जायची. गवंड्यानं दोन महिन्यांनी बोरोव्यातच दुसरी मुलगी बघितली. वरच्या तळ्याशेजारच्या घरात ती एकटी राहिली, रोज सकाळी सायकलवरून रोपवाटिकेत जायची आणि संध्याकाळी यायची. क्रुसापाशी ती पुन्हा कधी आली नाही. अनेश्का पंचाहत्तर साली गेली तेव्हाही नाही.

वेन्डेलिनचा घसा एकोणऐंशी साली गेला. ऑपरेशन झालं, त्यानंतर नुसती खरखर उरली. मग बोलायचं काम माझ्याकडे आलं. कसं ऐकायचं, कसं बोलायचं, हे त्यानंच मला शिकवलं. जाणाऱ्या माणसाकडे बघायचं नाही, खिडकीकडे बघत ऐकायचं. सगळ्यांत लहान गोष्टीपासून सुरुवात करायची. आपल्याकडचं एक अक्षर घालायचं नाही. हे तिसरं त्यानं मला दोनदा सांगितलं. तेव्हा मला वाटलं, म्हातारा किती नेकीचा आहे.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये त्याचं बोलावणं आलं. बार्बोरा केव्हाच गेली होती. शेजारीण त्याला सूप देऊन जायची. मी गेले, खाटेशी बसले आणि खिडकीकडे बघायला लागले. बाहेर अजून घाण बर्फ होतं.

"हेड्विका, दार लावलंस?"

"लावलंय, काका. बोला."

त्यानं लहान लहान गोष्टी सांगितल्या. कुणाच्या चाकाला ओलं लाकूड वापरलं होतं, बार्बोराशी शेवटच्या वर्षात खेकसून बोलला होता. मी मनात ठेवत गेले. मला वाटलं संपलं. मी उठायला लागले तेव्हा त्यानं ते सांगितलं.

एकावन्नच्या ऑक्टोबरात त्याला जिल्ह्याला बोलावलं होतं. मारलं नाही. कॉफी दिली. टेबलापलीकडच्या माणसानं बार्बोराच्या तब्येतीची चौकशी केली, तिच्या सॅनिटोरियमची सोय सरकार करतं याची आठवण दिली, आणि विचारलं की ल्होत्यात कुणी राय लपवलीय का. पाव तासात वेन्डेलिननं झोपडीचं सांगितलं. "कॉफीसुद्धा संपली नव्हती," तो म्हणाला.

मी खिडकीकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघितलं.

"आणि होलुब? होलुबनं तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"त्यानं सांगितलं, 'क्रुसापाशी एवढंच म्हण की मी ते केलं नाही. माझी चावी माझ्या खिशातून हलली नाही. माझ्या पोरीला या गावात राहायचंय.'"

"आणि तुम्ही उलटं बोललात."

"ते बोललो असतो तर लोकांनी दुसऱ्या चावीचा विचार केला असता."

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. समोर हाडांचा सापळा पडलेला, गळ्यात पट्टी, आणि मला त्याला खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. तेवीस वर्षं तो त्या पोरीच्या घरावरून रोज गेला होता. तिच्या सायकलचं चाक एकदा त्यानंच दुरुस्त करून दिलं होतं, मी बघितलं होतं.

"तेक्लाचं घर इथून दिसतं, काका. मी तिला आत्ता घेऊन येते."

"नको."

"मग तुम्हाला ढकलगाडीत घालून नेते. तिच्या दारात बसून सांगा."

"नको म्हटलं ना. तू क्रुसापाशी बोल. जिथे बोललो तिथेच ते पुसायला हवं."

"तिच्या तोंडावर सांगायला काय होतंय तुम्हाला?"

त्यानं डोळे मिटले. खरखरीतून शब्द वेचून काढावे लागत होते, पण हे मला स्पष्ट ऐकू आलं. "जिवंत माणसाला नाही म्हणता येतं, हेड्विका. मेलेल्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही."

मी उठून आले. घरी येऊन गाईसारखी रडले, रागानं की कशानं ते मला आजही सांगता येत नाही.

यानंतरचे चार दिवस माझे आहेत, त्याचे नाहीत, म्हणून तेही सांगते. मी तेक्लाकडे लगेच जायला हवं होतं. पहिल्या दिवशी दोन गायी व्यायल्या. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, उद्या जाऊ. तिसऱ्या दिवशी गेले. ती अंगणात लाकडं फोडत होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण लाकूड अजून एका घावात दुभंगत होतं. मला बघून तिनं कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

मी म्हटलं, वेन्डेलिनकाका जायला टेकलेत. ती म्हणाली, ऐकलंय. मी म्हटलं, या वेळी क्रुसापाशी ये. तिनं विचारलं, का. आणि मी म्हणाले की आधी सांगायचं नसतं, तुला चाल माहीत आहे. खरं तर तिथे चालीचा काही संबंध नव्हता. वेन्डेलिन अजून जिवंत होता, मी तिला सांगितलं असतं तर ती दहा मिनिटांत त्याच्या खाटेशी पोचली असती आणि मग काय झालं असतं ते झालं असतं. मला त्याची भीती वाटली. मी नियमाच्या आड लपले. तो लपला होता तशीच.

"मी तिथे येत नाही," तेक्ला म्हणाली आणि पुढचं लाकूड उभं केलं.

चौथ्या दिवशी पहाटे वेन्डेलिन गेला.

मयताला चाळीसेक माणसं होती. आमच्या बावीस घरांतून एवढी जमणं म्हणजे मान मोठा. तिरडी त्यानंच दुरुस्त केलेली होती, करकरली नाही. शेतात अजून काही उगवलं नव्हतं, त्यामुळे चिखलातून सरळ चढता आलं. मी चढावर मागे वळून बघत होते. वरच्या तळ्याकडून कोणी येत नव्हतं. पेटी ठेवल्यावरही मी थोडं थांबले, घसा साफ केला, रुमाल काढला. तरुण खांदेकरी पाय हलवायला लागले तेव्हा मला सुरुवात करावी लागली.

लहान गोष्टी आधी. ओलं लाकूड. बार्बोरा. मग मी दोन्ही हात पेटीच्या डोक्याशी ठेवले आणि गोठ्यातला आवाज काढला. मला कुणी नंतर म्हणायला नको होतं की ऐकू आलं नाही.

"मी, वेन्डेलिन श्कार्दा, सांगतो. कुबातांच्या पोत्यांची जागा जिल्ह्याच्या माणसांना मी सांगितली. इग्नात्स होलुबनं नाही. होलुबनं मरताना मला सांगितलं होतं की मी निर्दोष आहे असं क्रुसापाशी बोल. मी इथेच उभा राहून त्याच्या नावानं खोटं बोललो आणि त्याच्या मुलीचं आयुष्य मातीत घातलं. मला क्षमा करा."

माझा शेवटचा शब्द संपला न संपला तोच उत्तर आलं. "देव क्षमा करो." चाळीस तोंडांतून एकदम, नेहमीच्या सुरात, जसं दर वेळी येतं. श्वास घ्यायलासुद्धा कुणी थांबलं नाही. मी चेहरे बघत होते. काहींनी ऐकलंच नव्हतं, त्यांचे ओठ सवयीनं हलले. पण बऱ्याच जणांनी ऐकलं होतं. मला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्यांचेही ओठ हललेच. पट्टे खांद्यावर गेले, पेटी उठली, अंत्ययात्रा पुढे निघाली. मी तिथेच उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, हेड्विका, चल, पाद्री खोळंबेल.

बोरोव्याहून परतल्यावर गुत्त्यात रिवाजाप्रमाणे सूप आणि खसखशीचे पाव होते. पहिला ग्लास होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग गुत्तेवाली म्हणाली, "बिचारा. इतकी वर्षं एकट्यानं मनात वागवलं. काय झालं असेल त्याच्या जिवाचं." टेबलाभोवतीच्या माना हलल्या. कुणी म्हणालं, तो काळच तसा होता. कुणी म्हणालं, बार्बोरासाठी केलं, बायकोवर जीव होता त्याचा. मग बटाट्याच्या लागवडीचं बोलणं निघालं, यंदा जमीन उशिरा सुटतेय म्हणून. मी वाट बघत होते. तेक्लाचं नाव कुणीतरी घेईल म्हणून मी सूप निवेपर्यंत वाट बघितली. मग चमचा ठेवला आणि उठले.

तेक्ला स्वयंपाकघरात बियाण्याचे बटाटे निवडत बसली होती. दोन टोपल्या, मधे ती, हातात छोटा सुरा. मी दारातच उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कॉफीपासून सांगितलं. तिच्या बापानं खाटेवरून काय निरोप दिला होता तो शब्दन् शब्द सांगितला. 'माझ्या पोरीला या गावात राहायचंय' हेही. तिथे तिचा सुरा थांबला. मी क्रुसापाशी काय बोलले ते पुन्हा बोलून दाखवलं.

ती रडली नाही. मग विचारलं, "लोक काय म्हणाले?"

"देव क्षमा करो म्हणाले."

"किती जण?"

"सगळे."

"सगळे," ती म्हणाली. तिनं एक बटाटा उचलला, कुजकी बाजू कापून टाकली, उरलेला टोपलीत ठेवला. "माझ्या बापाच्या वेळी अनेश्का एकटी म्हणाली होती. नवरा गेलेला, घर गेलेलं, पोरं परक्या मुलखात वाढलेली. ती म्हणाली. बाकीच्या गावाचं त्यात काय गेलं होतं? पण एकानं तोंड उघडलं नाही."

तिनं पुढचा बटाटा उचलला.

"तू माझ्या शेजारी उभी होतीस, हेड्विका. अगदी इथे." तिनं सुऱ्यानं आपल्या डाव्या बाजूची जागा दाखवली. "माझा दंड तूच धरला होतास. मी वाट बघत होते, निदान तू तरी म्हणशील म्हणून."

ते खरं होतं. मी तीस वर्षांची होते, तिच्या डावीकडे उभी होते, आणि मी तिला बाजूला घेतलं होतं, लोकांसमोर शोभा नको म्हणून. तोंडातून शब्द काढला नव्हता. इतक्या वर्षांत मला ते आठवलंही नव्हतं. 'कुणीतरी तिचा दंड धरला' असंच मी स्वतःला सांगत आले होते, आणि मघाशी हे लिहितानाही हात तसाच वळला.

मी म्हणाले, "तेक्ला, मला क्षमा कर."

तिनं माझ्याकडे बघितलं. कुऱ्हाड घेऊन बघितलं होतं तेवढ्याच शांतपणे.

"नाही," ती म्हणाली. "दार ओढून घे, गार येतंय."